सातव्या शनिवारचं पान

१

सातव्या शनिवारचं पान फाईलीत नव्हतं.

कारकून भाऊंनी फाईल तीनदा चाळली, उलटी धरून झटकली, कपाटाच्या खालच्या खणात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हाताला लागली ती नुसती धूळ. मग ते मटकन खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसायला लागले.

"बाई, गेल्या मंगळवारी बारा पानं मोजली होती मी. या हातांनी! आज अकरा. पानाला काय पाय फुटले?"

"पानांना फुटत नाहीत, भाऊ. माणसांना मुळातच असतात," समोरच्या बाई म्हणाल्या. "आधी पाणी प्या."

या बाई म्हणजे राज्याच्या अनुदान शाखेतल्या तपासणी अधिकारी. वय सत्तावन्न, तोंड फटकळ, आणि पर्समध्ये कायम एक भिंग. खात्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, सगळे टाचणीबाई म्हणत. कागदाला टाचणीची भोकं किती आणि गंजाचा डाग कुठवर, एवढ्यावरून तो कागद कितीदा सुटा झाला हे त्या सांगायच्या, आणि भल्याभल्यांची भंबेरी उडायची. एरवी त्यांना या खेळाची मौज वाटे. आज वाटत नव्हती, कारण आजच्या कागदावर एका बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

झालं होतं असं. या छोट्याशा कॉलेजात राज्याच्या अनुदानावर सरकारी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण चालायचं. शिक्षकांचं नव्हे हं. शिक्षकांना काय, शिकवायला सगळं जग तयार असतं. हे प्रशिक्षण होतं बसमधल्या मदतनीस, स्वयंपाकघरातल्या बायका, पहारेकरी, झाडलोट करणारे अशा चोवीस जणांचं. बारा शनिवार, बारा धडे आणि शेवटी प्रमाणपत्र. ते हातात पडलं की रोजंदारीवरचं माणूस नोकरीत कायम. सातव्या शनिवारचा धडा होता 'बस आणि बालक'.

प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्रं वाटली गेली. आणि महिन्याभराने एका शाळेच्या बसमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा शेवटच्या बाकावर झोपून राहिला. बस रिकामी झाली असं समजून दार लावलं गेलं. ऊन नुसतं भाजत होतं. दुपारी दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या बसमधल्या मदतनीस बाईला पोरं बसमावशी म्हणायची. तिला घरी बसवून आज सहा आठवडे झाले होते. शाळा म्हणत होती, हिला कॉलेजात सगळं शिकवलं होतं, तरी हिने हयगय केली. बसमावशी म्हणत होती, त्या शनिवारी मी वर्गात नव्हतेच. उद्या अकरा वाजता चौकशी, आणि चौकशीत लागणार होतं नेमकं तेच हजेरीचं पान.

"गेल्या बुधवारी ती आली होती," भाऊ आवाज खाली आणत म्हणाले. "रडत होती बिचारी. एकदा ते पान बघू द्या म्हणाली. मी फाईल काढून टेबलावर ठेवली, तेवढ्यात सरांची हाक आली. दोन मिनिटं गेलो असेन. परत येतोय तर ती दारातून बाहेर पडत होती."

"मग फाईल उघडून बघितलीत?"

"नाही हो. टेबलावर होती तशीच कपाटात टाकली. आज सकाळी उघडायला गेलो तर नाडीची गाठच सुटेना! हे बघा, नख मोडलं. शेवटी कात्रीने कापली."

कापलेली नाडी गाठीसकट टेबलावर पडली होती. दोन वेढे, आणि टोक आत खुपसून करकचून आवळलेलं. टाचणीबाईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली. मग भिंग काढून त्यांनी अकरा पानांचे कोपरे एकेक करून पाहिले. प्रत्येक पानाला दोनच भोकं. पान ओढून फाडलेलं नव्हतं. कुणीतरी टाचणी काढली होती, हवं ते पान उचललं होतं, बाकीची जुळवून टाचणी पुन्हा जुन्याच भोकांतून घातली होती.

"भाऊ, हे दोन मिनिटांचं काम नाही," त्या म्हणाल्या.

"ते सरांना सांगा, बाई. त्यांनी बसमावशीवर चोरीचा अर्ज लिहून तयार ठेवलाय. उद्या चौकशीत देणार आहेत."

२

प्रशिक्षणप्रमुख सरांची खोली नीटनेटकी होती. भिंतीवर बारा धड्यांचा तक्ता होता, खाली चोवीस जणांचा प्रमाणपत्रांसह काढलेला फोटो. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी बसमावशी, प्रमाणपत्र छातीशी धरून हसत उभी होती. टाचणीबाईंनी त्या फोटोकडे फार वेळ पाहिलं नाही.

"मॅडम, गोष्ट अगदी स्पष्ट आहे," सर म्हणाले. "पानावर तिची सही होती. सही दिसली की ती अडकणार. म्हणून पान गायब. माझं त्या बाईशी वैर नाही, पण उद्या तुमच्याच शाखेने अनुदान थांबवलं तर पुढच्या तुकडीने कुठे जायचं? साठ अर्ज आलेत माझ्याकडे."

"पान गेल्याने तुमचाही तोटाच आहे म्हणा."

"माझा? माझी तर ढालच गेली! चोवीस सह्यांचं पान होतं ते. त्याच दिवशी चार वाजता मी तुमच्या कचेरीत आकडा कळवला होता, चोवीस."

हे खरं होतं. तो आकडा टाचणीबाईंनी येण्यापूर्वीच पाहिला होता. म्हणजे पानावर सह्या चोवीसच होत्या, आणि असं पान सर कशाला नाहीसं करतील? आपल्याच घराची भिंत कुणी पाडत नाही.

"सर, एक सांगा. त्या दिवशी समोर माणसं किती होती?"

"सांगितलं ना, चोवीस."

"सह्या चोवीस. मी माणसं विचारतेय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, मी सह्या मोजल्या," ते हळू आवाजात म्हणाले. "माणसं नाही मोजली. सह्या गोळा करून आणायचं काम तुकडीप्रमुखाचं. मी शिकवत होतो, आणि जीव तोडून शिकवत होतो. त्या मुलाची बातमी आली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. तो धडा माझा होता हो."

बाईंना त्यांची दया आली, पण त्यांनी विचारायचं ते विचारलंच. "बाकीच्या बावीस-तेवीस जणांना आठवत असेल की, ती होती का नव्हती."

"सगळ्यांचे जबाब घेतलेत. हे बघा."

टाचणीबाईंनी कागद चाळले. पहारेकरी म्हणतो, आठवत नाही. झाडणारा म्हणतो, लक्षात नाही. तुकडीप्रमुख असलेली स्वयंपाकीण म्हणते, गर्दीत कळलं नाही. एकजात सगळ्यांची स्मरणशक्ती एकाच शनिवारी गेली होती! असं एकदम सगळं गाव विसरभोळं होत नसतं. त्यांना भीती कशाची होती हे टाचणीबाईंना चांगलंच ठाऊक होतं. नियमच तसा होता, तुकडीतला एक जण एक दिवस जरी गैरहजर राहिला, तरी सबंध तुकडीचं अनुदान रद्द आणि सगळ्यांची प्रमाणपत्रं रद्द.

हा नियम कुणी लिहिला होता, हेही त्यांना ठाऊक होतं. पण ते त्या खोलीत त्या बोलल्या नाहीत.

३

बसमावशी दोन खोल्यांच्या घरात राहायची. दार तिच्या सुनेने उघडलं, आणि "आत्या, कुणीतरी साहेबीण आल्यात" एवढं सांगून ती आत गेली. बसमावशी खाटेच्या कडेला बसली होती. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती. सून पाण्याचा पेला घेऊन आली, आणि सासूच्या पोलक्याचं सुटलेलं बटण गुपचूप लावून देऊन परत गेली.

"हाताला काय झालं, मावशी?"

"काच." ती पट्टीकडे बघत म्हणाली. "दुपारी बसपाशी गेले, खिडकीतून तो दिसला. किल्ली हातातच होती बाई, पण कुलपात जाईना. मग हातानेच फोडली. दोन बोटांच्या शिरा गेल्या. डॉक्टर म्हणतात वळतील हळूहळू. नाही वळली तरी काय मोठंसं."

टाचणीबाईंनी त्या पट्टीकडे पाहिलं. जिला स्वतःचं बटण लावता येत नाही, ती टाचणी काढून त्याच भोकांतून परत घालेल आणि नाडी करकचून बांधेल, हे ब्रह्मदेवाने सांगितलं तरी त्या मानणार नव्हत्या. पान हिने घेतलं नव्हतं.

"त्या शनिवारी कुठे होतात?"

"शाळेच्या फाटकात. दुसरीतल्या एका मुलीला न्यायला कुणी आलंच नाही. पोर रडून रडून लाल झालेली. टाकून कशी जाऊ? तिचे आजोबा आले तेव्हा चार वाजले. कॉलेजातला वर्ग सुटला होता."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

"पाहणारे सगळे प्रशिक्षणाला गेलेले. पहारेकरीसुद्धा. आणि ते आजोबा मुलाच्या बदलीबरोबर गाव सोडून गेले. माझं नशीबच असलं."

"आणि ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी बसमध्ये नेमकं काय केलंत? मला कठोर समजा, पण सांगा."

बसमावशीने डोळे मिटले. "रोज करते तेच. सगळी उतरली, मी दारात उभी राहून मोठ्यांदा हाक मारली, कुणी राहिलं का रे? ओ आली नाही. ड्रायव्हर म्हणाला, चला मावशी, मला डिझेल भरायचंय. दार लावलं." तिने डावी मूठ कपाळावर मारली. "झोपलेलं लेकरू ओ कसं देईल, हे माझ्या टाळक्यात का नाही आलं? एकवीस वर्षं मी अशीच हाक मारत आले!"

मग तिने पदराने तोंड पुसलं.

"मला सुटायचं नाही, बाई. दार मीच लावलं. पण शाळा म्हणते हिला शिकवलं होतं, हिला माहीत होतं. त्याची आई उद्या येणार आहे तिथे. मला माहीत असून मी मागे गेले नाही, आळस केला, असं त्या माउलीला वाटायला नको. तेवढंच. बाकी मला काहीही करा."

रस्त्यावर आल्यावर टाचणीबाईंनी आधी नाक शिंकरलं आणि मग भाऊंना फोन लावला.

"भाऊ, बुधवारनंतर फाईलीला कुणी हात लावला?"

"कुणी नाही बाई. बाहेरचं चिटपाखरू आलेलं नाही."

"बाहेरचं नका सांगू. घरातलं सांगा."

"घरातलं म्हणजे... गुरुवारी पळीताई आली होती. पण तिला काय धरायचं! ती तुकडीची प्रमुख, दर शनिवारी सह्या तीच गोळा करून आणायची. म्हणाली, भाऊ, तुमची फार धावपळ होतेय, चौकशीसाठी पानं मी तारखेने लावून देते. शेजारच्या खोलीत तासभर बसली आणि बांधून ठेवून गेली."

"आणि हे तुम्ही मला सकाळी सांगितलं नाहीत."

"अहो, ती आपलीच आहे ना!" भाऊ कळवळून म्हणाले.

४

शाळेचं स्वयंपाकघर मैदानाच्या टोकाला होतं. दुपारची जेवणं आटपली होती. थोरली पातेली उपडी पडून निथळत होती. पळीताई चाळिशीची, दांडगी, हसऱ्या तोंडाची बाई. वाढताना हातातली पळी पातेल्यावर वाजवून पोरांना रांगेत उभी करायची, म्हणून हे नाव.

"या, या बाई! चहा टाकते. उभ्या का? त्या पोत्यावर बसा, काही होत नाही त्याला."

टाचणीबाई बसल्या. चहा येईपर्यंत त्यांनी चौफेर नजर फिरवली. भिंतीला धान्याची सात-आठ पोती लावलेली होती. त्यांतली अर्धी उघडून पुन्हा बांधलेली.

"बसमावशी तुमची मैत्रीण ना?"

"मैत्रीण कसली, बहीणच. एकोणीस वर्षं झाली. माझ्या बाळंतपणाला तिने रजा काढली होती." पळीताईचं हसू मावळलं. "वाळून काटकी झालीये हो ती. घास उतरत नाही तिला."

"सातव्या शनिवारचा धडा आठवतो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं! सर अगदी डोळ्यांत पाणी आणून शिकवत होते. दारातून हाक मारू नका, झोपलेलं मूल ओ देत नाही. शेवटच्या बाकापर्यंत चालत जा. प्रत्येक बाकाला हात लावा. वाकून खाली बघा. मग उलटं चालत या आणि..." ती मध्येच थांबली. चहा उतू गेला.

"पहारेकऱ्यालाही असाच तोंडपाठ आहे, येताना विचारलं मी फाटकात," टाचणीबाई म्हणाल्या. "झाडणाऱ्या दादांनाही. सगळ्यांना पाठ, फक्त जिचं ते रोजचं काम तिलाच यातला एक शब्द माहीत नाही. ती एकवीस वर्षं दारातून हाकच मारत राहिली. हे कसं काय?"

पळीताईने फडक्याने शेगडी पुसायला घेतली. पुसलेलीच जागा ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

टाचणीबाईंनी पर्समधून कापलेली नाडी काढली आणि शेजारच्या पोत्याच्या तोंडाशी धरली. दोन वेढे, टोक आत खुपसून करकचून आवळलेलं. इकडे सुतळी, तिकडे नाडी, एवढाच काय तो फरक.

"भाऊंच्या हातून अशी गाठ जन्मात बसायची नाही, पळीताई. आणि बसमावशीच्या हाताला तर सध्या कुठलीच बसत नाही. चोरीचा आळ मात्र तिच्यावर आलाय. उद्या सर तसा अर्ज देणार आहेत."

फडकं पळीताईच्या हातून खाली पडलं.

"तिच्यावर? अहो, तिच्यावर कसा? तिला वाचवायलाच तर मी..." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

५

रडणं ओसरायला वेळ लागला. टाचणीबाईंनी मधे स्वतः उठून गॅस बंद केला आणि तिला पाणी दिलं.

"सही मीच केली होती तिची," पळीताई म्हणाली. "वर्ग सुरू झाला, ती आली नाही. फोन करायला गेले तर तिचा फोन घरी. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. एकीच्या पायी तेवीस जणांचं कायम होणं बुडणार! पहारेकऱ्याला पुढच्या वर्षी वय आड येणार होतं. मग मी पेन घेतलं आणि केली. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पुढच्याच शनिवारी तिला सांगितलं तर ती म्हणाली, माझ्यासाठी खोटं केलंस, कधी फेडू ग हे."

"पान कुठे आहे?"

पळीताईने शेगडीकडे बोट दाखवलं. "गुरुवारी नेलं, त्याच दिवशी घातलं. मला वाटलं, पान नाही तर सहीही नाही. कुणाला काही सिद्ध करता येणार नाही आणि ती सुटेल."

"अहो बाई, उलटं झालं! पान नसलं तर तिचं प्रमाणपत्र खरं धरतात. पान असतं तर तुमचं अक्षर आणि तिचं अक्षर शेजारी ठेवून मी पाच मिनिटांत दाखवलं असतं की ही सही तिची नाही. तिच्या बाजूचा एकुलता एक पुरावा तुम्ही जाळलात."

पळीताई जमिनीवरच बसली. आता ती रडतही नव्हती.

टाचणीबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून विचार करत होत्या. कबुली होती, पण उद्या कुणीही म्हणालं असतं की मैत्रिणीला वाचवायला ही खोटं बोलतेय. काहीतरी लिहिलेलं हवं होतं, तेव्हाच्या तेव्हा लिहिलेलं. शनिवारच्या कोणत्या गोष्टीत माणसं खरोखर मोजली गेली असतील? सरांनी सह्या मोजल्या. भाऊंनी पानं मोजली.

"प्रशिक्षणाचं जेवण कोण करायचं?" त्यांनी एकदम विचारलं.

"मीच. इथून करून न्यायची. सर त्यांचा डबा आणायचे, बाकी आमचं सगळ्यांचं."

"किती ताटं वाढली याची नोंद ठेवता?"

"ठेवायलाच लागते. धान्य किती काढलं ते लिहावं लागतं ना." पळीताईने उठून दारामागच्या खिळ्यावरची वही काढली. पान उलटता उलटता तिचा स्वतःचाच हात थांबला.

पहिला शनिवार, चोवीस. दुसरा, चोवीस. पाचवा, सहावा, चोवीस. सातवा शनिवार, तेवीस. त्याच्यापुढे चोवीस, चोवीस, शेवटपर्यंत.

"आई ग," पळीताई पुटपुटली. "मी तेवीसच लिहिलेत."

"सहीच्या वेळी चोवीस आणि ताटाच्या वेळी तेवीस?"

"अहो, ती नव्हतीच ना! नसलेल्या माणसाचं ताट कसं लिहायचं? अन्न आहे ते." तिला हे इतकं साधं वाटत होतं की सांगतानासुद्धा नवल वाटत होतं. पान जाळलं तेव्हाही ही वही तिथेच खिळ्यावर टांगलेली होती, आणि तीही हजेरीच आहे हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

टाचणीबाईंनी वही पर्समध्ये ठेवली. "उद्या तुम्हाला हे सगळ्यांसमोर बोलावं लागेल. नोकरीवर येईल तुमच्या. तेवीस जणांच्या प्रमाणपत्रांवर येईल."

"बोलेन." पळीताईने मान वर केली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता. "पण एक विचारू? एक नसेल तर सगळे बाद, हे कुठल्या शहाण्याने लिहिलं हो? एखाद्याचं पोर आजारी पडत नाही? कुणाला फाटकात थांबावं लागत नाही?"

"मी लिहिलं," टाचणीबाई म्हणाल्या.

पळीताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"दुसरीकडे एका ठिकाणी निम्मी माणसं नुसती कागदावर होती. अनुदान खात होते लोक. मला राग आला, आणि एका दुपारी बसून मी हा नियम लिहिला. वाटलं, आता कुणी खोटी हजेरी लावणार नाही. बक्षीससुद्धा मिळालं मला त्याबद्दल." त्या उठल्या. चहा तसाच राहिला होता. "उद्या मलाही बोलावं लागेल."

६

चौकशी कॉलेजच्या लांबड्या खोलीत झाली. मुलाची आई मागच्या खुर्चीत बसली होती. तिने कुणाकडेही पाहिलं नाही.

पळीताई उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. सही, पान, शेगडी. टाचणीबाईंनी ताटांची वही पुढे ठेवली, आणि टाचणीची भोकं, नाडीची गाठ, पट्टीतला हात हे क्रमाने सांगितलं. मग पहारेकरी आपणहून उठला. "साहेब, मला आठवतंय," तो खाली मान घालून म्हणाला. "ती नव्हती." त्याच्यामागून झाडणारे दादा उठले. मग एकेक करत सगळेच.

सरांनी आपला अर्ज चौघांदेखत फाडला.

शेवटी टाचणीबाईंनी आपला अहवाल वाचला. त्यातलं शेवटचं कलम त्यांच्या स्वतःच्या नियमाबद्दल होतं. तेही त्यांनी पुरं वाचलं. चौकशी अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की मदतनीस बाईला हा धडा मिळालेलाच नव्हता. शिकवूनही हयगय केली हा आरोप आणि चोरीचा आळ, दोन्ही रद्द. दार लावल्याचं काय ते वेगळं ठरेल. चोवीसही प्रमाणपत्रं तूर्त थांबवली. पळीताईची वेगळी चौकशी. पुढच्या तुकडीचं अनुदान नवा नियम होईपर्यंत स्थगित. साठ अर्ज टेबलावर तसेच राहिले.

माणसं उठली. मुलाची आई दारापर्यंत गेली आणि परत फिरून बसमावशीसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही हाक मारली होती?" तिने विचारलं.

"मारली होती."

"मोठ्यांदा?"

"मोठ्यांदा मारली होती, बाळा."

आईने मान हलवली. "त्याची झोप फार गाढ होती. मी रोज तीनतीनदा हलवायची," ती म्हणाली आणि निघून गेली.

बसमावशी भिंतीला टेकली. टाचणीबाई तिला धरायला पुढे झाल्या, पण त्यांच्याआधी पळीताई पोचली होती. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. टाचणीबाई दारातच थांबल्या. निघून जायला हवं हे त्यांना कळत होतं.

"शिव्या दे मला," पळीताई म्हणाली. "मार. पण गप्प नको बसू ग. सही केली नसती तर..."

"सहीचं जाऊ दे. तुझ्या जागी मी असते तर मीही केली असती." बसमावशीने पट्टीतला हात मांडीवर ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी तुझ्याकडे आले होते. चहा घेतला आपण. तुला विचारलं, काल-परवा वर्गात काय शिकवलं ग? आठवतंय?"

पळीताई बाकाची कड नखाने खरवडायला लागली.

"काय म्हणालीस?"

"तुला घाई होती," पळीताई म्हणाली. "बस सुटायची होती. मला वाटलं, एकवीस वर्षं बस करतेयस तू, तुला काय सांगायचं त्यातलं. म्हणाले, काही विशेष नाही ग. नेहमीचंच."

"हो. आणि मी म्हणाले, बरं झालं बाई. म्हणजे माझं काही बुडालं नाही."